उन्हाळ्यातली सांदवाडी अन् दुपारचं शब्दकोडं: कोणतं काम आधी, कोणतं मागून

२०२० साली २४ मार्चला रात्री कोरोनाचा लॉकडाऊन जाहीर झाला अन् आठवड्याभरात आपल्याकडं विदर्भात निम्म्या घरी सांदवाडीत (घरामागच्या परसबागेत) फावडं चालू झालं. कोणी भेंडी टाकली, कोणी सांबार (कोथिंबीर), कोणी तर भाजीतले टमाटर पिळून त्याचंच बी फेकलं. मे संपेपर्यंत बहुतेकांकडं वाळलेल्या काड्या अन् उदईनं (वाळवीनं) खाल्लेली बुडं उरली होती. २०२१ साली १४ एप्रिलपासून परत निर्बंध लागले, मग दुकानं सकाळी ७ ते ११, शाळा बंद, अन् परत तेच प्रश्न आले: "बी उगवूनच नाही राहिलं, काहून?" बी खराब असतं कधीकधी, नाही असं नाही. पण जास्त करून क्रम उलटा असतो. पुडा घरी आला की पहिल्यांदा बी पडतं, मग पाणी, मग खत आठवतं, अन् सावलीचा विचार रोप करपल्यावर. खरं तर बी हे चौथं-पाचवं काम आहे.

दुपारचं शब्दकोडं यातच जोडलं कारण अकरा ते पाच वाडीत पाय ठेवायचं कामच नाही, लेकरं घरात एकमेकांची डोकी फोडतात, अन् शब्दकोडं बनवतानाही लोक हीच चूक करतात, प्रश्न आधी लिहून बसतात.

सुरू करायच्या आधी

फावडं, टिकास (टिकाव), खुरपं, घमेलं. कुजलेलं शेणखत. सोयाबीनचं कुटार (भुसा) एक-दोन पोती. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) नाहीतर तुराट्या (तुरीच्या), एक गठ्ठा. जुना माठ, पण पाणी अजून थंड करणारा पाहिजे अन् फुटका नको. जुनं लुगडं किंवा हिरवी नेट, एखाद-दोन बारदाने (गोणपाटाची पोती). दुपारसाठी गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. म्हणजे विकत आणायचं ते फक्त बी, त्यासाठी कृषी केंद्रात एकदा जायचं. गावरान बी शेजाऱ्याकडं असलं तर कागदाच्या पुडीत बांधून द्यायला सांगा, वर नाव अन् कोणत्या सालचं ते लिहायला लावा.

थांबा: घरात कोणाला ताप, खोकला, अंगदुखी असेल तर वाडी राहू द्या. आधी त्या माणसाकडं पाहा. खोदायला बाहेरचा माणूसही बोलावू नका, दोन वाफ्यांना मजूर लागत नाही.

टप्पा १: जागा अन् पाण्याचा हिशेब

उन्हाळ्यात "भरपूर ऊन येतं अशी जागा" हे पुस्तकातलं वाक्य आपल्याकडं अर्धंच खरं आहे. अकोला, चंद्रपूर, नागपूर मे महिन्यात ४५ च्या वर जातात, त्यात दिवसभर उन्हातली जागा म्हणजे तवा. सकाळचं ऊन साडेअकरा-बारापर्यंत लागेल अन् दुपारनंतर भिंतीची सावली पडेल अशी जागा शोधा, घराच्या पूर्वेची बाजू बहुतेक ठिकाणी बसते. टिनाच्या पत्र्याजवळ नको, झळ रोप खाते. कडूनिंब-आंब्याच्या खाली नको, सावली चांगली वाटते पण तुम्ही टाकलेलं पाणी झाडाच्या मुळ्याच आधी ओढतात.

एक दिवस खुंटी रोवून ठेवा अन् सकाळी ८, दुपारी १२, अन् ४ वाजता जाऊन पाहा सावली कुठं आहे. अंदाजानं ठरवू नका.

जागा किती? तीन फूट रुंद, सहा फूट लांब असे दोन वाफे. बस. तीन फूट याच्यासाठी की दोन्ही बाजूनं हात मधापर्यंत पोहोचला पाहिजे, वाफ्यात पाय पडला की काळी माती दबते अन् दबली की मोकळी करायला परत टिकास. उत्साहात पूर्ण सांदवाडी खोदणाऱ्यांची वाडी पाण्यापायी मरते. असल्या एका वाफ्याला या दिवसात रोज साधारण पंधरा लिटरची एक बकेट लागते, नवतप्यात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) दीड धरा. आता तुमच्याकडं नळ किती दिवसाआड येतो अन् हापशीला रांग किती ते तुम्हाला माहीत. दोन बकेटी रोज कुठून येतील हे नक्की झाल्याशिवाय पुढं जाऊ नका.

तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी चालतं. साबणाचं, कपड्याचं, अन् हात धुतल्याचं फेसाचं पाणी नको. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर बिलकुल नको, दिवसभर पाणी उडून त्यात क्षार जमा होतो, ताटलीत वाळवून पाहा, पांढरा थर दिसेल, कोवळ्या रोपाची पानं कडेनं जळतात ती त्यानंच.

टप्पा २: माती

आपली काळी माती वाळली की भेगा अन् भिजली की चिखल, मधली वेळ थोडीच असते, अन् ती वेळ पकडणं हेच खरं काम आहे. कोरड्या मातीवर टिकास हाणू नका, हात जातील. आदल्या दोन दिवशी संध्याकाळी पाणी सोडा, जिरू द्या. मग मुठीत माती दाबा. पाण्याचा थेंब निघाला किंवा हाताला चिकटली तर एक दिवस थांबा, गोळा होऊन बोटानं टोचल्यावर भुगा झाला तर खोदा. एक वीत-सव्वा वीत खोल.

खोदताना लव्हाळ्याच्या गाठी हातानं वेचा. वरून कापून काही होत नाही, खाली एक गाठ राहिली की आठ दिवसात परत वर. हरळीच्या मुळ्याही तशाच. हे काम कंटाळवाणं आहे, लेकरांना लावा, गाठी मोजायची शर्यत लावा. नंतर चार-सहा दिवस माती उन्हात उघडी ठेवता आली तर ठेवा.

मग खत. इथं लय लोक मार खातात. गोठ्यातलं ताजं शेण आणून टाकतात, वरून पाणी मारतात, आणि ते आतल्या आत तापतं, मुळ्या जळतात, शिवाय उदई अन् हुमणीला (मुळ्या खाणाऱ्या अळीला) आमंत्रण. कुजलेलं खत ओळखायचं कसं: ढिगात कोपरापर्यंत हात घाला, गरम लागायला नको. शेणाचा वास यायला नको, पहिल्या पावसातल्या मातीसारखा यायला पाहिजे. काडी-कचऱ्याचे तुकडे ओळखू यायला नको. उकिरड्याच्या वरचं नाही, तळाचं काढा. एका वाफ्याला दोन घमेली. उकिरड्यात प्लास्टिकसोबत जुने मास्क निघाले तर ते हातानं उचलू नका, काडीनं बाजूला काढा अन् खोल पुरून टाका.

माती भारी आहे म्हणून दोन घमेली वाळू टाकायचा सल्ला कोणी दिला तर हो म्हणा अन् टाकू नका. एवढ्या-तेवढ्या वाळूनं काळी माती मोकळी होत नाही. खत अन् अर्धं घमेलं बारीक कुटार मिसळा, त्यानं होते.

टप्पा ३: वाफा, माठ, आधार (बी अजूनही पुडीतच)

मोबाईलवर व्हिडिओ पाहून लोक एप्रिलमध्ये उंच गादीवाफा करतात. गादीवाफा पावसाळ्याचं काम आहे. उन्हाळ्यात उंच माती चारही बाजूनं वाळते अन् पाणी खाली वाहून जाते. आता सपाट वाफा करा, कडेनं चार बोटं उंच बांध घाला, पाणी आत राहिलं पाहिजे. अन् हाच सपाट वाफा जुलैपर्यंत तसाच ठेवला तर पाणी साचून मुळ्या सडतात, म्हणून मृग लागायच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आसपास, बांध फोडायचे अन् बाजूच्या रस्त्याची माती उचलून रोपांच्या बुडाशी चढवायची. कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.

वेलांसाठी माठ पुरायचा. वाफ्याच्या मधात खड्डा करून माठ गळ्यापर्यंत पुरा, तोंड वर राहू द्या, भरा, वर ताटली किंवा फरशीचा तुकडा झाका. पाणी मातीतून हळूहळू पाझरते अन् मुळ्या माठाला मिठी मारतात. रंगवलेला किंवा आतून सिमेंट फिरवलेला माठ पाझरत नाही. आधी बाहेर भरून ठेवा, संध्याकाळपर्यंत बाहेरून ओलसर झाला तर कामाचा. तोंड उघडं ठेवू नका, डासाच्या अळ्या होतात, डेंग्यूचं लोढणं कोणाला पाहिजे.

पऱ्हाट्या-तुराट्याचा मांडव, अन् कोंबड्या-बकऱ्यांसाठी कुंपण, हे पण आत्ताच करा. वेल हातभर झाल्यावर खुंट्या ठोकल्या की मुळ्या तुटतात अन् वेल चार दिवस मान टाकून बसतो.

शेवटी संध्याकाळी वाफा पोटभर भिजवा. अन् थांबा, वाफसा येईपर्यंत.

तपासणी: वाफशाला आल्यावर वरची माती बोटाला चिकटत नाही, पण एक बोट खाली ओल लागते. उन्हात साधारण दीड-दोन दिवस लागतात. ही पायरी सोडणारे सगळ्यात जास्त आहेत. कोरड्यात बी टाकून वरून पाणी मारलं की काळ्या मातीवर खपली धरते, वाळून कडक होते, अन् कोंब खालीच वाकडा होऊन मरतो. मग म्हणतात बी भेसळ निघालं.

टप्पा ४: कोणतं बी, अन् ते जिवंत आहे का

एप्रिल-मे मध्ये भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडकं, ढेमसं. पालक सावलीत. एवढंच.

टमाटर आता नको. झाड वाढेल, फुलंही येतील, पण या उन्हात फूल गळते, फळ धरत नाही. फुलकोबी, मटर तर थंडीचं पीक. मेथी-सांबार उघड्यावर येत नाही. सांबार खायचाच असेल तर पसरट टोपलं मोरीच्या सावलीला ठेवून त्यात करा, अन् धने आख्खे टाकू नका, लाटण्यानं हलक्या हातानं रगडून दोन फाका करा, एका धन्यात दोन बिया असतात. किराण्याचा जुना धना उगवलाच पाहिजे असं काही नाही, आधी तपासा.

वांगी, मिरची यांचं बी मेच्या मध्यात खोक्यात टाका, म्हणजे मृगाचा पाऊस बसल्यावर चार-पाच आठवड्यांचं रोप लावायला तयार.

तपासायचं कसं: दहा बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळा, ताटलीत ठेवा, फडकं वाळू देऊ नका. चवळी-गवार तीन-चार दिवसात कोंब काढते, भेंडीला आणखी दोन-तीन दिवस द्या. सात किंवा जास्त फुटल्या तर बिनधास्त पेरा, पाच-सहा फुटल्या तर दुप्पट दाट टाका, त्याहून कमी तर पुडी परत. माती तयार व्हायला आठवडा जातोच, ही परीक्षा तेवढ्यात होऊन जाते. म्हणून बी आणायचं आधी अन् टाकायचं मागून.

थांबा: लाल-निळ्या रंगाचं बी म्हणजे औषध लावलेलं. लेकरांच्या हाती देऊ नका, उरलेलं कोंबड्यांना टाकू नका, हात साबणानं धुवा.

टप्पा ५: पेरणी

वेळ संध्याकाळची, सहाच्या नंतर. भेंडी आदल्या रात्री पाण्यात भिजवा अन् सकाळी काढून फडक्यात ठेवा, दोन-दोन दिवस पाण्यात ठेवली की कुजते. चवळी भिजवायची गरजच नाही.

खोली किती यावर गावात चार माणसांची पाच मतं. बी जेवढं जाड त्याच्या दोन-तीन पट, हे धरून चला. भेंडी, चवळीला पेराभर खोल. पालक नुसता भुरभुरून वर खत चाळायचं. भेंडी दोन ओळींत दीड फूट अन् दोन झाडांत फूटभर, गवार-चवळी वीतभर अंतरानं. वेलाचं बी माठापासून चार बोटं दूर, एका माठाभोवती चार ठिकाणी, उगवल्यावर त्यातले दोनच ठेवा. उपटायला जीव होत नाही लोकांचा, अन् मग चार वेल मिळून एकालाही धड काकडी लागत नाही.

बी झाकायला ढेकूळ नको, चाळलेलं खत वापरा. वरून ओला बारदाना अंथरा, त्याच्यावर झारीनं पाणी, म्हणजे खपली धरत नाही. मुंग्या बी ओढून नेतात, कडेनं राखेची रेघ मारा.

बारदान्याखाली रोज सकाळी पाहायचं. पहिला कोंब वाकून वर आलेला दिसला की त्याच संध्याकाळी बारदाना काढा. एक-दोन दिवस विसरला की कोंब लांब, पिवळे, मऊ होतात अन् उन्हात आडवे पडतात.

पूर्ण पुडा एकदम रिकामा करू नका. अर्धा आता, अर्धा दोन आठवड्यांनी. नाहीतर गवार सगळी एकाच आठवड्यात येते, अन् घरात कोणी ताटात घेत नाही.

टप्पा ६: उन्हातून काढणं

पाणी सकाळी सातच्या आत किंवा सूर्य गेल्यावर. पाइप उन्हात पडलेला असेल तर आधीचं पाणी बाहेर सोडा, हात लावून पाहा, चटका बसेल असं गरम असतं ते. रोप लहान असताना झारी, मोठं झाल्यावर बुडाशी. पानावर नाही.

दुपारी दोनला पानं लोंबली म्हणून धावत पाणी घालणारे पुष्कळ. त्या वेळी भेंडी-काकडीची पानं लोंबतातच, ते झाड स्वतःला वाचवून राहिलं असतं. सकाळी सातला पाहा. सकाळीही मान टाकलेली असेल तर तहान आहे, ताठ असेल तर काही करू नका. शंका असेल तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको. रोज पाणी घालून मारलेली झाडं मी न घालता मेलेल्या झाडांइतकीच पाहिली आहेत.

रोप चार बोटं झालं की कुटार अंथरा, बोटभर जाडीचं, बुंध्यापासून चार बोटं मोकळं सोडून. जाड थर कोरडा राहिला की खालून उदई लागते, म्हणून मधून मधून उचलून पाहायचं. नेट किंवा लुगडं पश्चिमेकडून तिरपं बांधा, डोक्याच्या उंचीवर. रोपावर नुसतं टाकून दिलं की आत हवा कोंडते अन् रोप उकडते.

ग्रामपंचायतीचा फवारणीवाला जंतुनाशक मारायला आला तर रोपांवर बारदाने टाका, हायपोक्लोराइटनं (ब्लीचनं) कोवळी पानं पांढरी पडतात. सॅनिटायझर लावून लगेच चुलीजवळ जाऊ नका, वाडीतल्या हातांना साबण-पाणीच बरं.

आता कीड. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा येणारच. पहिल्यांदा बोटानं पुसा, पाण्याची धार मारा. तरी राहिला तर निंबोळीचा अर्क: ५० ग्रॅम वाळलेली निंबोळी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडं साबणाचं पाणी टाकायचं अन् त्याच दिवशी संध्याकाळी पानाच्या खालून फवारायचं. उरलेला अर्क ठेवून पुढच्या आठवड्यात वापरण्यात अर्थ नाही.

थांबा, अन् हे नीट वाचा: कपाशीचं उरलेलं औषध घरच्या भाजीवर मारू नका. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर बंदी आहे, तरी "थोडंसंच मारलं" म्हणणारे भेटतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ती तर वावरात मोकळ्या हवेत होती, इथं आपण स्वयंपाकघराच्या दारात मारून राहिलो. पंपसुद्धा वेगळा पाहिजे. तणनाशक मारलेल्या पंपात अर्क भरला तर धुतल्यावरही राहिलेल्या अंशानं भेंडीची पानं आक्रसतात, अन् लोक त्याला व्हायरस समजून झाड उपटतात.

भेंडीला दीड महिन्यानं पहिला तोडा येतो. एक दिवसाआड तोडा, सकाळी. मोठी होऊ दिली की ती बनते सुतळी, अन् झाडही बी धरायच्या नादात नवी फुलं कमी देते.

टप्पा ७: दुपार, चौकटीची वही (शब्द आधी)

अकराला वाडीतून घरात. कूलर, पाणी, वही.

मराठी शब्दकोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रा-अनुस्वारासकट. जोडाक्षरही एकाच चौकटीत. लेकरं "सांबार" ला "सा", "ं" असं तोडून बसतात, ते नाही: सां-बा-र, तीन चौकटी. "पऱ्हाटी" म्हणजे प-ऱ्हा-टी. म्हणून पहिलं काम, एका विषयाचे वीस-पंचवीस शब्द लिहा, वाडीचेच घ्या, अन् प्रत्येकाच्या पुढं अक्षरं तोडून संख्या लिहा. प्रश्न एकही लिहायचा नाही अजून. आधी प्रश्न लिहिले की त्यातले अर्धे शब्द चौकटीत बसतच नाहीत, अन् ओढूनताणून बसवायला लागतात.

"वांगं" लिहायचं की "वांगे", "दोडकं" की "दोडका", हे आधीच ठरवा अन् पूर्ण कोड्यात एकच ठेवा. शेवटचं अक्षर बदललं की आडवा शब्द गेला.

टप्पा ८: चौकट

सगळ्यात लांब शब्द वरच्या ओळीत आडवा टाका. त्याच्या एकाआड एक अक्षरातून उभे शब्द खाली सोडा, मग त्या उभ्यांच्या शेवटाला जोडणारा आडवा शब्द शोधा. हे बसतं का पाहा:

प र स बा ग
ळ ■ र ■ वा
स ■ वा व र

वर आडवा परसबाग. खाली उभे पळस, सरवा, गवार. सरव्याचा वा अन् गवारचा र पकडून खाली आडवा वावर. इथं सरव्याच्या जागी सरकी टाकली असती तर खाली की आला असता अन् वावर गेलं असतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक: व अन् वा एकच समजून शब्द ओलांडणं. चालत नाही. गवारच्या र मधून राई काढता येत नाही, र वेगळा, रा वेगळा. इंग्रजी कोड्याची सवय असलेली मोठी पोरं इथंच फसतात.

तपासणी: वहीवर बोट ठेवून प्रत्येक आडवी ओळ अन् प्रत्येक उभी ओळ मोठ्यानं वाचा. एकमेकांना लागून आलेली दोन अक्षरं कोणत्याही दिशेनं अर्थाविना वाचली गेली तर मधात काळी चौकट टाका.

आकडे सगळ्यात मागून. डावीकडून उजवीकडं, वरून खाली, जिथून शब्द सुरू होतो त्याच चौकटीला आकडा. वरच्या उदाहरणात प ला १ (आडवा अन् उभा दोन्ही), स ला २, ग ला ३, खालच्या वा ला ४. आधी आकडे टाकून मग शब्द बदलला की सगळं खोडावं लागतं.

टप्पा ९: प्रश्न, अन् गावभर पाठवणं

शब्दाचा अर्थ लिहिला की प्रश्न झाला असं नाही, तो मजेचा पाहिजे पण उत्तर एकच निघालं पाहिजे. पळस: "कुठंही जा, याला पानं तीनच." वावर: "शेताला आपण काय म्हणतो." सरवा: "पीक निघाल्यावर मागं राहिलेली कणसं-शेंगा वेचणं", हा शब्द नव्या पोरांना येत नाही, आजीला विचारायला लागते, अन् तेच पाहिजे. गवारसाठी नुसतं "एक भाजी" लिहू नका, तीन अक्षरात मावणाऱ्या ढीगभर भाज्या आहेत. "चपट्या शेंगांची भाजी, हिच्या बियांपासून डिंक निघते" असं लिहिलं की वाल-घेवड्याला जागा राहत नाही.

पाठवायच्या आधी घरातल्या ज्या माणसानं शब्द पाहिले नाहीत त्याला सोडवायला द्या. एखाद्या प्रश्नाला त्यानं दुसरंच उत्तर बसवून दाखवलं तर त्याचं बरोबर धरा अन् प्रश्न बदला.

मग कोरी चौकट वेगळ्या पानावर पेननं काढा, काळ्या चौकटी नीट भरा, उजेडात सरळ वरून फोटो काढा अन् व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. ज्यांच्याकडं मोबाईल नाही त्या लेकरांसाठी ओसरीच्या भिंतीवर खडूनं मोठी चौकट काढा, ती आपापल्या अंगणातून आकडा ओरडून उत्तर सांगतात, भिंतीजवळ कोणालाच यायला लागत नाही. फक्त हे संध्याकाळी पाचच्या पुढं करा, अन् उत्तरं दुसऱ्या दिवशी वाडीला पाणी घालून झाल्यावर टाका, त्याच रात्री टाकली तर कोणी डोकं लावत नाही.